कागद वाकतो, पण ताणत नाही: घडी आणि कात्रीतून त्रिमिती शिकताना

संगणकाच्या पडद्यावर हवा तो आकार काढता येतो. गोल ओढा, लांबवा, पिळा, मधोमध भोक पाडा; सॉफ्टवेअर कशालाच हरकत घेत नाही. हरकत घेतो तो पुढे भेटणारा पत्रा, पुठ्ठा, प्लायवूड किंवा कापड. पडद्यावर सुरेख दिसलेलं दिव्याचं कवच पत्र्यात काही केल्या येईना, की कारागीर सांगतो, "हे असं वळणार नाही." का वळणार नाही, हे चित्र काढणाऱ्याला बहुतेक वेळा उमगत नाही, कारण तो आकार त्याने कधी हातात धरलेलाच नसतो.

वस्तू, खोकी, कपडे, इमारती, यंत्राचे भाग, कशाचंही डिझाइन शिकायचं असलं तरी सुरुवातीचे काही आठवडे कागद, पट्टी आणि कात्री एवढ्यावरच काढावेत असं माझं मत आहे. कागद सगळीकडे मिळतो ही सोय झालीच, पण खरा फायदा त्याच्या हट्टीपणात आहे. कागद वाकतो, दुमडतो, कापला जातो, पण ताणला जात नाही. ओढून पाहा, लांब होण्याआधी तो फाटेल. त्रिमितीय आकारांबद्दल कागद जे काही शिकवतो, ते जवळजवळ सगळं या एका गोष्टीतून निघतं.

एक दिशा सरळ राहणारच

ए-४ कागद आखूड कडेला चिमटीत धरून आडवा करा. पुढचं टोक लगेच खाली लोंबेल. आता चिमटीतली कड दोन्ही बाजूंनी किंचित वर वळवा, उथळ पन्हळ होईल इतकीच. कागद सरळ, ताठ पुढे येतो. त्यात आपण काहीच घातलेलं नाही, वजनही तेच आहे. ८० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) ए-४ कागद असेल तर ५ ग्रॅम. (ए-४ चं क्षेत्रफळ चौरस मीटरचा सोळावा हिस्सा असतं, त्यामुळे जीएसएमला १६ ने भागलं की कागदाचं वजन मिळतं.)

हे असं का होतं, त्यामागचं गणित जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रिडरिश गाउस याने १८२७ मध्ये मांडलं. पृष्ठभागावरच्या एखाद्या बिंदूपाशी सर्वांत जास्त वळण कोणत्या दिशेला आहे आणि सर्वांत कमी कोणत्या दिशेला, ते मोजायचं आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. पृष्ठभाग न ताणता, न आकसता कसाही वाकवला तरी हा गुणाकार बदलत नाही. सपाट कागदाचा गुणाकार शून्य आहे, म्हणून वाकवल्यावरही तो शून्यच राहिला पाहिजे. आणि गुणाकार शून्य यायचा तर दोहोंपैकी एक वळण शून्य हवं. आपण कागदाला आडवं वळण दिलं, की उभ्या दिशेने सरळ राहण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं. ताठपणा तिथून येतो.

म्हणजे अखंड कागदातून, घडी न घालता, मोजकेच आकार निघतात: वृत्तचिती, शंकू, आणि सरळ रेषांच्याच बनलेल्या आणखी काही पिळदार पट्ट्या. चेंडू निघत नाही. चेंडूला कागद गुंडाळताना ज्या चुण्या पडतात त्या आपल्या हाताच्या चुकीमुळे पडत नाहीत, त्या पडणारच. पृथ्वीचा नकाशा सपाट कागदावर काढताना कुठेतरी अंतरं नाहीतर क्षेत्रफळं बिघडतात, तेही याच कारणाने.

शिकणाऱ्यासाठी यातून एक सोपी चाचणी मिळते. कोणताही वळणदार आकार समोर आला, की त्याच्या फुगीर बाजूवर पट्टी टेकवून फिरवत राहायचं. एखाद्या दिशेला पट्टी पूर्ण लांबीभर टेकली, तर तो आकार पत्र्यात, पुठ्ठ्यात, प्लायवूडमध्ये नुसता वाकवून होण्याची शक्यता आहे. कोणत्याच दिशेला टेकली नाही, तर साचा लागेल, ठोकावं लागेल, किंवा तुकडे जोडावे लागतील. पडद्यावरच्या मॉडेलसाठीही हीच चाचणी मनातल्या मनात करता येते, पण आधी हाताने केलेली असेल तरच.

या नियमाला एक पळवाट आहे. कागद ओलसर केला की त्याचे तंतू थोडे सरकतात, आणि किंचित साच्यात घातल्यासारखा आकार देता येतो. वाळल्यावर तो तसाच राहतो. जपानी ओरिगामी कलावंत अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी जाड कागदावर हे तंत्र वापरून प्राण्यांच्या आकृत्यांना गोलाई आणली. मात्र नवशिक्यांनी ही पळवाट इतक्यात धरू नये.

कोपऱ्यातले अंश

घडीने नियम पाळला जातो, कात्रीने तो वळवून घेता येतो. कागदावर एक वर्तुळ काढा. त्याच्या मध्याभोवती ३६० अंश आहेत. त्यातली एक फाक कापून काढली आणि उरलेल्या कडा एकमेकींना चिकटवल्या, तर शंकू होतो. उलट, परिघापासून मध्यापर्यंत चीर देऊन तिथे दुसऱ्या कागदाची ६० अंशांची फाक जास्तीची बसवली, तर मध्याभोवती ४२० अंश होतात. एवढे अंश सपाट मावत नाहीत, आणि कागद खोगिरासारखा एका दिशेला वर, दुसऱ्या दिशेला खाली वळतो. अंश कमी केले की टोक, वाढवले की खोगीर, आणि बरोबर ३६० ठेवले की सपाट. शिवणकामातली टक म्हणजे कापडातून काढलेली अशीच एक फाक, आणि झालरीला लहर येते ती कडेला कापड जास्त असल्यामुळे.

शंकूवर थोडा वेळ घालवण्यासारखा आहे, कारण आपला अंदाज इथे हमखास चुकतो. १० सेंटिमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ कापा. त्याचा शंकू केल्यावर टोकाचा कोन किती येईल, हे वळवण्याआधी लिहून ठेवा. अर्धा कागद गेला, तेव्हा कोनही १८० चा अर्धा, ९० अंश, असं पुष्कळांच्या मनात येतं. प्रत्यक्षात अर्धवर्तुळाचा कंस शंकूच्या तळाचा परीघ बनतो. कंसाची लांबी साधारण ३१.४ सेंटिमीटर, म्हणून तळाची त्रिज्या ५ आणि व्यास १० सेंटिमीटर. तिरकस उंचीही १० सेंटिमीटरच आहे. म्हणजे बाजूने पाहिलं तर समभुज त्रिकोण दिसतो, आणि टोकाचा कोन ६० अंश असतो. सरळ उंची सुमारे ८.७ सेंटिमीटर. सूत्र छोटंच आहे: वर्तुळपाकळीचा कोन भागिले ३६०, गुणिले तिरकस उंची, बरोबर तळाची त्रिज्या. पण पाठ करण्याआधी वेगवेगळ्या फाकांचे चार-पाच शंकू करून ओळीने मांडावेत. फाक वाढत जाते तसा शंकू आधी झपाट्याने उभा होतो आणि पुढे उंचीत फारसा फरक पडत नाही, हे डोळ्यांना आधी कळतं, सूत्राला नंतर विचारावं.

हाच हिशेब सपाट बाजूंच्या आकारांना लागू होतो. घनाच्या कोपऱ्यावर तीन चौरस भेटतात: २७० अंश. ३६० ला ९० कमी. असे आठ कोपरे, एकूण तूट ७२०. चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणांच्या घनाकृतीच्या) कोपऱ्यावर तीन समभुज त्रिकोण: १८० अंश, तूट १८०, कोपरे चार, पुन्हा ७२०. पंचकोन आणि षट्कोन जोडून केलेल्या जुन्या धाटणीच्या फुटबॉलचा नमुना घ्या. प्रत्येक कोपऱ्यावर १०८, १२० आणि १२० अंश, बेरीज ३४८, तूट फक्त १२, कोपरे ६०. गुणून पाहा. आरपार भोक नसलेला, सपाट बाजूंचा कोणताही बंद आकार घेतला तरी एकूण तूट ७२० अंशच येते. सतराव्या शतकात फ्रेंच गणितज्ञ रने देकार्तच्या हे लक्षात आलं होतं.

डिझाइन करणाऱ्याला याचा उपयोग काय? गोलाईचं एकूण खातं ठरलेलं आहे, फक्त ते किती कोपऱ्यांत वाटायचं हे आपल्या हातात. थोड्या कोपऱ्यांत वाटलं की आकार टोकदार होतो, पुष्कळ कोपऱ्यांत वाटलं की गुळगुळीत, पण तितके तुकडे आणि तितके जोड वाढतात. सहा त्रिकोण एका बिंदूपाशी आणले की बेरीज ३६० होते आणि सगळं सपाट पडतं, म्हणून पाचच आणावे लागतात. कुठे पाच आणि कुठे सहा ठेवायचे, यावर मोठमोठ्या घुमटांची रचना उभी असते.

रेघ कोणत्या बाजूने ओढायची

साहित्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सरावाला साधा ८० जीएसएमचा कागद, उभ्या राहणाऱ्या नमुन्यांना १६० ते २२० जीएसएमचं कार्डशीट, धारदार कटर, स्टीलची पट्टी, खाली कटिंग मॅट. धार गेलेलं पातं कागद फाडतं आणि बोटही जास्त कापतं, कारण ते दाबावं लागतं.

दोन गोष्टींकडे मात्र बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि मग घडी नीट बसत नाही म्हणून कागदाला दोष देतात. पहिली, तंतूंची दिशा. कागद यंत्रावर तयार होताना त्याचे तंतू बहुतांशी एकाच दिशेला लागतात. छापखान्यात याला ग्रेन म्हणतात. कागद न चुरगाळता आधी लांबीत आणि मग रुंदीत हलकेच वाकवून पाहा. एका बाजूने तो सहज वाकतो, दुसऱ्या बाजूने विरोध करतो. सहज वाकतो तेव्हा वळणाची रेषा तंतूंना समांतर असते. त्या दिशेची घडी स्वच्छ येते. तंतूंना आडवी घातलेली घडी जाड कार्डवर तडकते, वरचा थर फुटून पांढरी रेघ दिसते.

दुसरी गोष्ट, घडीच्या रेषेवर आधी खाच देणं. शाई संपलेलं बॉलपेन पट्टीला लावून ओढलं की एका बाजूला खाच आणि मागच्या बाजूला बारीक उंचवटा येतो. आता कागद कुणीकडे दुमडायचा? खाच दिसली की तिच्यात दुमडावं असं हाताला आपोआप वाटतं. ते उलटं आहे. जाड कार्डाची घडी पडते तेव्हा बाहेरचे थर ओढले जातात आणि आतले दाबले जातात. दाबलेल्या थरांना कुठेतरी जायला जागा हवी, आणि ती जागा म्हणजे तो उंचवटा. तो घडीच्या आत राहिला पाहिजे, खाच बाहेर. औषधाचं किंवा टूथपेस्टचं खोकं उलगडून घडीवर बोट फिरवा, खाच बाहेरच्या अंगाला लागेल. कटरने अर्धवट काप देऊन घडी घालायची असेल तरी नियम हाच: काप बाहेर.

म्हणजे ज्या नमुन्यात काही घड्या वर येणाऱ्या आणि काही खाली जाणाऱ्या आहेत, त्यात निम्म्या रेषा पुढून आणि निम्म्या मागून ओढाव्या लागतात. वर येणारी ती डोंगरघडी, तिची खाच पुढून; खाली जाणारी ती दरीघडी, तिची मागून. मागच्या रेषा जुळवायला प्रत्येक रेषेच्या दोन्ही टोकांना टाचणीने भोक पाडायचं, कागद उलटायचा आणि भोकं पट्टीने जोडायची. घड्यांच्या आराखड्यावर दोन्ही घड्या वेगळ्या दाखवतात. डोंगरघडीला रेघ-टिंब-रेघ, दरीघडीला नुसत्या तुटक रेघा. ही खूण आणि तिच्यासोबतचे बाण जगभर रूढ झाले ते वर उल्लेख केलेल्या योशिझावांच्या पद्धतीमुळेच.

वर्तमानपत्राचा वर्ग

१९२० च्या दशकात जर्मनीतल्या बाउहाउस या कला-डिझाइन शाळेत योसेफ आल्बर्स पायाभूत अभ्यासक्रम शिकवत. विद्यार्थ्यांच्या आठवणींनुसार ते वर्गात वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन येत आणि सांगत की यातून काहीतरी करा, पण कागदाचा मान राखून, वाया न घालवता, जमल्यास गोंद आणि कात्रीशिवाय. काही तासांनी येऊन पाहावं तर कुणी किल्ला केलेला, कुणी होडी, कुणी मुखवटा. आल्बर्सना त्यात रस नसे. ते म्हणत, यातलं पुष्कळसं दुसऱ्या साहित्यात जास्त चांगलं झालं असतं. एकदा त्यांनी वाखाणलं ते एका विद्यार्थ्याचं काम: त्याने वर्तमानपत्राला मधोमध उभी घडी घालून ते टेबलावर नुसतं उभं केलं होतं. एरवी आडवा पडणारा कागद उभा राहिला, दोन्ही अंगांनी दिसू लागला, आणि नेहमी निकामी असलेली त्याची कड वजन पेलू लागली.

मला हा प्रसंग थोडा निष्ठुर वाटतो, मुखवटा करणाऱ्याचा उत्साह मावळला असणार. पण आल्बर्सच्या आग्रहात तथ्य आहे. कागदाचा हत्ती करताना लक्ष हत्तीकडे जातं. नुसती घडी पाहताना लक्ष घडीकडे राहतं. त्रिमितीची समज वाढवायची असेल तर सुरुवातीला कशासारखंही न दिसणारे नमुने करणं बरं.

घडीचं बळ तपासायला पुस्तकांच्या दोन सारख्या उंचीच्या थप्प्या घ्या, मध्ये एक वीतभर अंतर ठेवा, आणि त्यावर सपाट कागद टाका. एका नाण्यानेही तो खचतो. आता त्याच कागदाच्या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या चुण्या घाला, चुण्या एका थप्पीवरून दुसऱ्या थप्पीकडे जातील अशा ठेवा. त्यावर मोबाइल ठेवला तरी चालतो. पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: जाडी दुप्पट, ताठपणा आठपट. चुणीमुळे ०.१ मिलिमीटरचा कागद सेंटिमीटरभर उंचीचं काम करू लागतो. खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्यात आणि छपराच्या पन्हळी पत्र्यात हेच चाललेलं असतं.

एवढ्यावर थांबू नका. वजन वाढवत न्या आणि कागद कसा हार मानतो ते बघा. तो फाटत नाही. चुण्या पसरतात, उंची जाते, आणि मग सगळं एकदम बसतं. आता चुण्यांच्या दोन्ही टोकांना खालून एक सपाट पट्टी चिकटवून पुन्हा वजन ठेवा. पसरायला वाव उरला नाही की तोच कागद बराच जास्त भार घेतो. वस्तू कुठून मोडते ते पाहणं आणि नेमकी तिथेच मदत देणं, हे डिझाइनचं निम्मं काम असतं, आणि ते इथे एका कागदात शिकता येतं.

बाउहाउसमध्ये केला जाणारा आणखी एक नमुना अवश्य करावा. एकाच मध्याची वर्तुळं काढा, मधलं छोटं वर्तुळ कापून टाका, आणि आळीपाळीने डोंगर आणि दरी अशा घड्या घाला. कागद आपणहून खोगिराचा आकार घेतो. वळणदार घडी घालायला चिकाटी लागते, खाच नीट ओढली असेल तर जमतं. वर्तुळांऐवजी एकात एक चौरस घेतले तरी असाच पिळलेला आकार येतो. यातली गंमत अशी की, चौरसांच्या बाबतीत फक्त काढलेल्याच घड्या घालून तो आकार गणिताने शक्य नाही, हे २००९ मध्ये संशोधकांनी सिद्ध केलं. हातातल्या कागदाचा मात्र तो होतो, कारण तो गुपचूप बारीक जास्तीच्या सुरकुत्या पाडून स्वतःची सोय लावतो.

पान उघडलं की उभं राहणारं खोकं

आता घडी आणि काप एकत्र. ए-४ कागद आडव्या रेषेवर मधोमध दुमडा म्हणजे वरचं पान भिंत आणि खालचं पान जमीन होईल. आपल्याला भिंतीला टेकलेलं, ५ सेंटिमीटर उंच आणि ३ सेंटिमीटर खोल खोकं हवंय. दोन समांतर उभ्या चिरा द्या. प्रत्येक चीर मधल्या घडीच्या वर ५ सेंटिमीटर आणि खाली ३ सेंटिमीटर, एकूण ८. चिरांची वरची टोकं आडव्या रेषेने जोडा, तिथे दरीघडी. खालची टोकं जोडा, तिथेही दरीघडी. आता खोक्याच्या समोरच्या वरच्या कडेसाठी डोंगरघडी कुठे येईल? इथे दोन मिनिटं थांबून विचार करावा, उत्तर पुढे आहे.

खोक्याचं छत भिंतीपासून ३ सेंटिमीटर पुढे येतं, आणि तिथून समोरची बाजू ५ सेंटिमीटर खाली जमिनीपर्यंत उतरते. म्हणून डोंगरघडी चिरेच्या वरच्या टोकापासून ३ सेंटिमीटरवर, म्हणजे मधल्या रेषेच्या २ सेंटिमीटर वर. दोन चिरांमधली जुनी मधली घडी सपाट करून टाकायची. कागद काटकोनात उघडा आणि खोकं पुढे ढकला.

हा नमुना मी नेहमी आधी करायला सांगतो, कारण इथे सपाट चित्रातल्या प्रत्येक अंतराचा त्रिमितीत काय अर्थ होतो ते मनात फिरवून पाहावंच लागतं. बाजूने पाहिलं तर भिंत, जमीन, छत आणि समोरची बाजू मिळून समांतरभुज चौकोन होतो. पान मिटताना तो चौकोन चपटा होतो आणि समोरची कड मधल्या घडीपासून उंची अधिक खोली इतकी, म्हणजे ८ सेंटिमीटर लांब जाते. ही बेरीज पानाच्या लांबीपेक्षा जास्त झाली तर मिटलेल्या पानातून खोकं बाहेर डोकावेल. उंची आणि खोली सारखी असली तर डोंगरघडी बरोबर मधल्या रेषेवर येते, का ते आता सांगायला नको. खोक्याच्या नव्या घडीवर पुन्हा चिरा देऊन छोटं खोकं, त्यावर आणखी छोटं, असं करत जिना उभा करता येतो. जपानी वास्तुविशारद मासाहिरो चातानी यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला याच युक्तीवर, एका कार्डातून कापून उघडणाऱ्या इमारतींची अख्खी कला उभी केली.

नुसत्या चिरांचीही एक वेगळी दुनिया आहे. कागदावर समांतर चिरांच्या रांगा द्या, पण प्रत्येक पुढची रांग अर्ध्याने सरकवलेली. चिरांच्या आडव्या दिशेला ओढलं की कागद जाळीसारखा लांबतो, आणि जाळीच्या पट्ट्या तिरक्या उभ्या राहतात. न ताणणारा कागद ताणल्यासारखा दिसतो, कारण चिरांनी ओढण्याचं रूपांतर वाकण्यात केलेलं असतं. काचसामान गुंडाळायला हल्ली असा कागद वापरतात.

सपाट मिटणाऱ्या घड्यांचे नियम थोडक्यात सांगतो. घडी घातलेला कोणताही चपटा नमुना उलगडा आणि कागदाच्या आतल्या भागात जिथे अनेक घड्या एका बिंदूत मिळतात तो बिंदू शोधा. डोंगरघड्या आणि दरीघड्या मोजा, फरक नेहमी २ येईल. हा माएकावाचा नियम. त्या बिंदूभोवतीचे कोन एक सोडून एक असे मिळवले तर बेरीज १८० येते, हा कावासाकीचा. म्हणून अशा बिंदूपाशी किमान चार घड्या लागतात, तीन एका जातीच्या, एक दुसरीची. जपानी अभियंता कोर्यो मिउरा यांची प्रसिद्ध घडी केवळ अशाच चौघड्यांच्या बिंदूंची बनलेली आहे: समांतरभुज चौकोनांची जाळी, जिच्यात नागमोडी रेषा आळीपाळीने पूर्ण डोंगर आणि पूर्ण दरी, आणि सरळ रेषा प्रत्येक टप्प्याला जात बदलणाऱ्या. समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढले की अख्खा कागद एका हालचालीत उघडतो, ढकलले की मिटतो. १९९५ मध्ये सोडलेल्या जपानच्या स्पेस फ्लायर युनिट या उपग्रहावर सौरपटल अशा घडीत घालून पाठवलं होतं.

उलगडा आणि पुन्हा जोडणी

घनाच्या घडणी, म्हणजे घन उलगडून मिळणारे सपाट आकार, शाळेत सगळ्यांनी पाहिलेल्या असतात, बहुतेकांना क्रॉसच्या आकाराची तेवढी आठवते. सहा चौरस कडेला कड लावून ३५ वेगवेगळ्या प्रकारे मांडता येतात, त्यातल्या फक्त ११ मांडण्या दुमडून घन होतो. त्या ११ आधी मनाने शोधाव्यात आणि मग कापून तपासाव्यात. आणखी एक प्रश्न: चिकटवायला कानपट्ट्या किती लागतील? घनाला १२ कडा. सहा बाजू एकसंध ठेवायला ५ घड्या पुरतात. उरलेल्या ७ कडा चिकटवायच्या, म्हणून कानपट्ट्या ७, मग घडणी ११ पैकी कोणतीही असो. फरक पडतो तो शेवटची पट्टी चिकटवताना आत बोट पोचतं का यात, आणि मोठ्या कागदावर किती घडण्या कमी कचऱ्यात बसतात यात. खोकी बनवणाऱ्यांचं कसब याच दोन प्रश्नांत असतं.

घन आकार उलगडून कागदावर दाखवायची पद्धत आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १५२५ मध्ये छापून प्रसिद्ध केली. पण आतल्या बाजूला कुठेही खळगा नसलेला प्रत्येक सपाट-बाजूंचा आकार, फक्त कडांवर कापून, एकसंध आणि भाग एकमेकांवर न चढता उलगडता येतोच का, याचं उत्तर गणितज्ञांना अजून मिळालेलं नाही. कात्री घेऊन बसलेला विद्यार्थी जिथे अडतो, तिथून हाकेच्या अंतरावर हा प्रश्न उभा आहे.

असा सराव खरंच उपयोगी पडतो का? त्रिमितीची समज जन्मजात असते, एकाला असते आणि दुसऱ्याला नसते, असा समज अजून पक्का आहे. २०१३ मध्ये २१७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की ही क्षमता सरावाने वाढते आणि वाढलेली टिकतेही. त्या अभ्यासांत प्रशिक्षणाचे प्रकार अनेक होते, तेव्हा सगळं श्रेय कागदाला देऊ नये. पण दुमडलेल्या कागदाला भोक पाडलं तर उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञ ही क्षमता मोजायला अनेक दशकं वापरत आले आहेत. सरावाची रीत मात्र महत्त्वाची: आधी काय होईल ते कागदावर काढायचं, मग घडी घालायची, मग उलगडून पडलेल्या रेषा वाचायच्या. आधीचं चित्र न काढता नुसतं सूचना पाहून घड्या घालत गेलं, तर हात तयार होतो, नजर तेवढी तयार होत नाही.

कागदावर जमलेलं दुसऱ्या साहित्यात नेताना एक गोष्ट वाटेत आडवी येते, ती म्हणजे जाडी. कागदाची जाडी आपण शून्य धरून चालतो. ३ मिलिमीटरच्या पुठ्ठ्याचं खोकं करताना आतलं माप आणि बाहेरचं माप यांत ६ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि झाकण बसत नाही. २ मिलिमीटरचा पत्रा २ मिलिमीटरच्या आतल्या गोलाईने काटकोनात वाकवला आणि दोन्ही बाजू बाहेरून ५०-५० मिलिमीटर हव्या असल्या, तर सपाट पट्टी १०० ची कापून चालत नाही, साधारण ३ ते ४ मिलिमीटर कमी लागते. नेमका आकडा पत्र्याच्या जातीवर आणि मशीनवर ठरतो, म्हणून कारागीर आधी त्याच पत्र्याचा एक तुकडा वाकवून मोजतात. आणि जाड फळ्यांची चुण्यांसारखी मिटणारी घडी करायची असेल, तर बिजागऱ्या फळीच्या जाडीच्या मधोमध लावून भागत नाही. डोंगरघडीची बिजागरी फळ्यांच्या एका अंगाला आणि दरीघडीची दुसऱ्या अंगाला लावावी लागते, नाहीतर फळ्या एकमेकींत अडकतात आणि घडी मिटतच नाही.